हिंदुरावांच्या राज्यात एक मास्तर

बुलढाणा जिल्ह्यात उसाच्या राजकारणाचं प्रस्थ कधी फारसं माजलं नाही. सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. बाकी घाटावर काय, घाटाखाली काय, जिल्ह्याचं राजकारण कापसाच्या गंजीवरच बसलेलं. तरी 'सामना' हा चित्रपट पाहिलेल्या इथल्या माणसाला त्यातला पुढारी हिंदुराव धोंडे पाटील परका वाटत नाही. इथल्या हिंदुरावापाशी साखर कारखान्याची चिमणी नसेल, पण बाजार समिती होती, जिनिंग होतं, खरेदी-विक्री संघ होता, जिल्हा बँकेतली खुर्ची होती, शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद होतं. डॉ. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट १९७४ मध्ये तयार झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या उसात घडणारी त्याची कथा वऱ्हाडाच्या कापसालाही लागू पडली, कारण त्याचा विषय साखर नव्हताच. नव्या राज्यात गावोगाव जी सत्ता तयार झाली, तिला जाब विचारायची जागा कुठे आहे, असं हा चित्रपट विचारत होता.

ही सत्ता तयार कशी झाली, ते आधी पाहावं लागेल. तिची सुरुवात अगदी चांगल्या हेतूने झाली होती, हे विसरलं की 'सामना'ही समजत नाही.

नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेच्या काठी १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील अशी ती जोडी. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून ऊसवाला सुटावा, भागधारक लहान असो की मोठा, मत प्रत्येकाला एकच असावं, हा विचार त्यामागे होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी सहकारी संस्थांचा नवा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कारखान्याला भागभांडवल सरकारचं, कर्जाला हमी सरकारची, पीककर्ज जिल्हा बँकेचं, रस्ते-शाळा-दवाखाने जिल्हा परिषदेचे. वेगवेगळ्या नावांनी येणारा हा पैसा शेवटी गावात एकाच दारातून आत येऊ लागला.

त्या दाराशी बसलेल्या माणसाची ताकद किती, हे उसाच्या फडात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ऊस तोडला की तो थांबत नाही. गाळपाला उशीर झाला की वजन घटतं, उतारा घसरतो. उभा ठेवला तर शेत अडतं, पुढचं पीक हुकतं. म्हणजे कुणाच्या फडात टोळी आधी पाठवायची एवढं ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या शेतकऱ्याचं सबंध वर्ष. त्यासाठी चेअरमनला कुणाला धमकी द्यावी लागत नाही. यादीत नाव खाली सरकवलं की झालं. ज्याचं नाव खाली गेलं तो पुढच्या निवडणुकीत काय करायचं ते न सांगता शिकतो.

वऱ्हाडात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९५६ मध्ये बुलढाणा मध्य प्रांत-वऱ्हाडच्या जुन्या चौकटीतून निघून मुंबई राज्यात आला. खामगावची कापसाची बाजारपेठ त्याच्या कितीतरी आधीची; इंग्रजांनी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा ओढला तो कापसासाठीच. कापूस काही उसासारखा दोन दिवसांत वाळून जात नाही, घरात भरून ठेवता येतो, दुसऱ्या बाजारात नेता येतो. त्यामुळे एका माणसाच्या मुठीत सगळा गाव जाणं इथे तेवढं सोपं नव्हतं. मग १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका, हा हेतू पुन्हा चांगलाच. पण आता गिऱ्हाईक एकच उरलं. खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, ग्रेडर बोंडात हात घालून प्रत ठरवायचा, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने मिळायचा. कुणाच्या बंडीचा नंबर आधी, कुणाच्या कापसाला कोणती प्रत, कुणाचा चुकारा लवकर, या तीन प्रश्नांत गावातला पुढारी शिरला. उसाच्या फडातली यादी इथे खरेदी केंद्राच्या फाटकावर आली, एवढाच काय तो फरक.

१९७२ चा दुष्काळ या सगळ्यावर येऊन आदळला. रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली. लाखो माणसं खडी फोडायला बसली आणि त्यांचे हजेरीपट भरणारा आणखी एक मध्यस्थ गावात तयार झाला. मुख्यमंत्रिपदी १९६३ पासून वसंतराव नाईक होते, पुसदचे, म्हणजे वऱ्हाडचेच. स्थिर राज्य म्हणून त्या काळाचं कौतुक होतं आणि ते खोटंही नाही. पण स्थिरतेला एक मुका दाब असतो. १९७२ च्याच मे महिन्यात मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि खेड्यातल्या अत्याचारांबद्दल अशा भाषेत बोललं जाऊ लागलं, जी मराठी वाचकाच्या कानाला सवयीची नव्हती. १९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाने सरकार पाडलं, बिहारात जयप्रकाश नारायण उतरले. महाराष्ट्रात मात्र वरकरणी शांत होतं.

पुण्यात त्या शांततेला तडा गेला तो नाटकातून. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, दौंडला दवाखाना चालवणारे तरुण बालरोगतज्ज्ञ. ज्या संस्थेने ते केलं, तिनेच एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. नाटकवाले बाहेर पडले आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी निघाली. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' त्याच सुमारास सेन्सॉरशी झुंजत होतं. पुढे त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली तिचा विषय समाजातली वाढती हिंसा हा होता. 'सामना' लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दिवसांत काय चाललं होतं, ते यावरून ताडता येतं. सत्ता माणसाला कशी वापरून घेते आणि काम झालं की कशी फेकून देते, हे त्यांनी नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्यात पाहिलं होतं. आता तेच त्यांना धोतर-टोपीत पाहायचं होतं.

त्यांच्याकडे विषय घेऊन गेले ते रामदास फुटाणे. नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे, चित्रकलेचे शिक्षक, वात्रटिका लिहिणारे कवी. सिनेमाचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. ग्रामीण पुढाऱ्याला मात्र ते जवळून ओळखत होते. शिक्षक निर्माता, डॉक्टर दिग्दर्शक, डॉक्टरच नायक (श्रीराम लागू), आणि खलनायक (निळू फुले) राष्ट्र सेवा दलातून आलेला. मराठी सिनेमाच्या दादा लोकांपैकी या टोळीत कुणीच नव्हतं. ते एका परीने बरंच झालं.

कारण तोवर पडद्यावरचा पाटील ठरून गेला होता. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'पासून (१९५९) प्रेक्षक त्याला ओळखत होते. मिशा, फेटा, वाड्यातली बैठक, तमाशातली बाई आणि शेवटी मिळणारी शिक्षा. त्याचं पाप वैयक्तिक असायचं. तो वाईट होता म्हणून गाव दुःखी होतं. तो गेला की गाव सुखी. निळू फुले स्वतः १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'मधून याच दुनियेत आले. दुसरीकडे आदर्शवादी माणसाचंही एक ठरलेलं रूप होतं. १९७२ च्या शांतारामबापूंच्या 'पिंजरा'त डॉ. श्रीराम लागूंनी जे गुरुजी केले, ते गावाला नीती शिकवणारे होते, आणि तमाशातल्या बाईपायी घसरले. गावाने त्यांना मेलेलं समजून त्यांचा पुतळा उभारला आणि खुद्द त्या माणसाला त्याच्याच खुनासाठी उभं केलं. तिथेही आदर्शाचा पराभव झाला, पण तो मोहाने केला. गावाच्या सत्तेशी त्या गुरुजींचं कधी भांडणच नव्हतं.

दोनच वर्षांनी तेच लागू पुन्हा मास्तर म्हणून आले. यावेळी मास्तर पहिल्या दृश्यापासूनच घसरलेला आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीची पार्श्वभूमी असलेला, गांधींचं नाव घेतलेला, आणि आता दारूवाचून दिवस न ढळणारा, कुणाचाच नसलेला म्हातारा. तो कुठूनसा हिंदुरावांच्या गावात येतो आणि हिंदुराव त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतात. हा भाग चित्रपटात फार बारकाईने रचला आहे. हिंदुराव त्याला हाकलत नाहीत, दरडावत नाहीत. खाऊ-पिऊ घालतात आणि आपलं राज्य दाखवायला नेतात. कारखाना, दूध, कोंबड्या, माणसं. 'हे मी केलं' असं म्हणताना निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर जो समाधानाचा भाव येतो, तो खलनायकाचा नाही. माळरानावर काहीतरी उभं केलेल्या माणसाचा आहे. आवाज चढत नाही. चाल संथ. पान खाताना, बोलताना मध्येच थांबून समोरच्याला जोखताना त्यांचे डोळे तेवढे जागे असतात. आणि तो समाधानाचा भाव खराच आहे. हिंदुरावांनी खरोखरच उभं केलंय. ऊस गाळला जातोय, पोरांना नोकऱ्या मिळाल्यात. या माणसाला नुसता चोर म्हणून मोकळं होता येत नाही, ही तेंडुलकरांनी प्रेक्षकाची केलेली खरी अडचण.

मग मास्तरच्या कानावर एक नाव येतं. मारुती कांबळे. कुणी ते पुरतं उच्चारत नाही. लष्करातून परतलेला, मान वर करून चालणारा, हिंदुरावांच्या कारभाराला आडवा गेलेला माणूस. एके दिवशी दिसेनासा झाला. त्याचं पुढे काय झालं, एवढंच मास्तर विचारत सुटतो. नोकराला, गड्याला, बाईमाणसाला, रस्त्यात भेटेल त्याला, आणि शेवटी ज्याची दारू प्याला त्या यजमानाला. पुरावा त्याच्याकडे नाही, पद नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही. दारू मात्र आहे, आणि तिचाच हिंदुरावांना आधार वाटतो: बेवड्याचं कोण ऐकणार? पुढे तोच आधार डळमळतो. ज्याला गमावण्यासारखं काहीच नाही, त्याला विकत कसं घेणार? शेवटी सत्य बाहेर येतं आणि हिंदुरावांना त्याची किंमत मोजावी लागते. मारुती कांबळेची भूमिका मोहन आगाशे यांची. एका लहान भूमिकेत तरुण स्मिता पाटील आहेत. संगीत भास्कर चंदावरकरांचं, गाणी जगदीश खेबुडकर आणि आरती प्रभूंची.

इथे अमेरिकेतल्या एका जुन्या चित्रपटाची आठवण होणं साहजिक आहे. फ्रँक काप्रा यांचा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' १९३९ चा. मुलांच्या पथकांचा एक भाबडा पुढारी सिनेटर होतो. ज्या ओढ्याकाठी त्याला मुलांचं शिबिर करायचं असतं, तिथेच एका धनदांडग्याच्या फायद्यासाठी धरण बांधायचं घाटत असतं. स्मिथ उभा राहतो आणि नियमाचा आधार घेऊन जवळजवळ चोवीस तास सिनेटमध्ये बोलत राहतो, पत्रांच्या ढिगात कोसळेपर्यंत. १७ ऑक्टोबर १९३९ ला वॉशिंग्टनमध्येच, लोकप्रतिनिधींना बोलावून त्याचा पहिला खेळ झाला आणि त्यांतले बरेच जण चिडले. लंडनमधले अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी यांनी तर हा चित्रपट युरोपात दाखवू नये म्हणून प्रयत्न केले. गंमत म्हणजे काप्रांचा आपल्या व्यवस्थेवर गाढ विश्वास होता. स्मिथला बोलायला सभागृह आहे, त्याचं बोलणं थांबवता येणार नाही असा नियम आहे, आणि ज्याने त्याला फसवलं त्या ज्येष्ठ सिनेटरला शेवटी लाज वाटते. मास्तरला यांतलं काही नाही. त्याचं सभागृह म्हणजे हिंदुरावांचीच बैठक. त्याला बोलू द्यायचं की नाही हे आरोपीच ठरवतो, आणि तरी तो बोलतो. तेंडुलकरांनी १९७४ च्या खेड्याबद्दल जे सांगितलं, ते याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

पुढच्या काही महिन्यांत इतिहास चित्रपटापेक्षा जोरात पळाला. फेब्रुवारी १९७५ मध्ये अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पायउतार झाले, शंकरराव चव्हाण आले. 'सामना' पंचविसाव्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला होता. तो महोत्सव २७ जून १९७५ ला सुरू झाला. त्याच्या दोनच दिवस आधी, २५ जूनच्या रात्री, देशात आणीबाणी लागली. प्रश्न विचारणाऱ्या एका दारुड्याची कथा जर्मनीत पडद्यावर चालू होती तेव्हा इथे वर्तमानपत्रांची पानं सेन्सॉरच्या टेबलावर पडली होती. बर्लिनचं सोनेरी अस्वल त्या वर्षी हंगेरीच्या मार्टा मेझारोश यांच्या 'अडॉप्शन'ला मिळालं. 'सामना'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मारुती कांबळे हे नाव बोलण्यात रुळलं. सभेत, अग्रलेखात, चहाच्या टपरीवर, कुठलंही दडपलेलं प्रकरण निघालं की आजही कुणीतरी त्याच्याबद्दल विचारतं. विचारणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असतोच असं नाही.

आणीबाणीनंतर निवडणुका झाल्या, काँग्रेस फुटली, १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. सांगलीचा साखर कारखाना उभा करणारे वसंतदादा मुख्यमंत्रिपदी पोचले होते, म्हणजे कारखान्याच्या बैठकीतलं राजकारण आता मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसलं होतं. जब्बार पटेल आणि तेंडुलकरही त्याच्या मागोमाग तिथे गेले. १९७९ चा 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. साधू जन्माने परतवाड्याचे. त्यातलं गाजलेलं गीत ज्यांचं, ते सुरेश भट अमरावतीचे. मुंबईच्या सत्तेचा एवढा निर्मम आलेख काढणाऱ्यांत दोन वऱ्हाडी माणसं होती, याचा बुलढाण्याच्या वाचकाला थोडा अभिमान वाटला तर चालेल. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री डॉ. लागू, आणि हे सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. भूमिकांची ही अदलाबदल मजेची. कालचा मास्तर आज मंत्री, कालचा हिंदुराव आज साक्षीदार. 'सामना'त प्रश्नाला उत्तर तरी मिळालं होतं. 'सिंहासन'मध्ये दिगूला सगळी उत्तरं आधीपासून ठाऊक असतात आणि शेवटी त्याचं भान सुटतं. पाच वर्षांत आदर्शवादी माणूस कुठून कुठे आला, हे या दोन शेवटांवरून दिसतं.

'सामना'वर माझा एक आक्षेप आहे आणि तो मोठा आहे. मारुती कांबळे कोण, हे सांगायला त्याचं आडनाव पुरेसं आहे. पण चित्रपटात तो मुख्यतः एक गैरहजर माणूस आहे. त्याच्या नावाने झगडतो तो मास्तर. त्याची जात, त्याच्या वस्तीचं गावातलं स्थान, त्याच्या माणसांचा राग यांना पडद्यावर फारसा वाव नाही. दलित पँथरच्या जन्मानंतर दोन वर्षांनी आलेल्या चित्रपटाने हे असं केलं. सहकाराच्या सत्तेची चिरफाड करताना त्या सत्तेखालची जात अर्धवट झाकलेली राहिली. तो प्रश्न मारुतीच्या वस्तीतून कसा विचारला गेला असता, हे पाहायला मराठी सिनेमाला पुढे बरीच वर्षं थांबावं लागलं. आक्षेप असूनही चित्रपट मोठा आहे, कारण त्याने निदान नाव पुसू दिलं नाही.

पडद्याबाहेर या दोन प्रतिस्पर्ध्यांनी जे केलं ते कमी लोकांना माहीत आहे. लागू आणि निळूभाऊ यांनी पुढे सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामाला हात घातला. नामवंत नट-नट्यांना घेऊन 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशाच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशी माणसं त्यामागे होती. 'सामना'तल्या मास्तरला जेवायला हिंदुरावांच्या पंगतीत बसावं लागलं होतं. कार्यकर्त्याला तशी पाळी येऊ नये म्हणून हा निधी, असं कुणी म्हटलं नसेल. पण हिंदुराव करणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात मला काही योगायोग वाटत नाही. निर्माते रामदास फुटाणे पुढे विधान परिषदेत आमदार झाले. त्यावर स्वतः वात्रटिका लिहिण्याची पात्रता त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाची नसेल.

संस्थेच्या खुर्चीवर बसलेला प्रत्येक पाटील हिंदुराव होतो असंही नाही, आणि याचा दाखला बुलढाण्याइतका दुसरीकडे क्वचितच सापडेल. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा कारभार शिवशंकरभाऊ पाटलांनी अनेक दशकं सांभाळला. संस्थानचं पाणीसुद्धा ते स्वतःसाठी घेत नसत, असं लोक सांगतात; त्यांचं निधन ऑगस्ट २०२१ मध्ये झालं. हजारो सेवेकरी, मोठा पैसा, शिक्षणसंस्था, दवाखाने, म्हणजे हिंदुरावांकडे होतं त्यातलं जवळपास सगळं. फक्त निवडणूक नव्हती. त्यामुळे त्यांचं उदाहरण सहकाराला लावता येतं का, हा वादाचा मुद्दा आहे, पण ते विसरूनही चालत नाही.

सहकारात मात्र १९७४ ची शंका नंतर जिल्ह्याच्या पासबुकात उतरली. बुडीत कर्जं वाढली, भांडवल निकषात बसेना, आणि २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना परवाना नाकारला. नव्या ठेवी थांबल्या, ज्यांच्या होत्या त्यांची घालमेल झाली. पुढे सरकारी पैसा ओतून या बँका पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. त्याच वर्षी जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेली पत्रं बाहेर आली आणि राज्यभर सिंचनाच्या खर्चावर वादळ उठलं. २५ सप्टेंबर २०१२ ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते परत आले. पुढे २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्यावर दोष नसल्याचं न्यायालयाला सांगितलं. विदर्भातल्या ज्या प्रकल्पांच्या निविदांवरून नागपूर खंडपीठात याचिका झाल्या, त्यांत नांदुरा तालुक्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्पही होता. काम सुरू होऊन पाव शतक उलटलं तरी तो अपुरा, खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनी वाढलेला, बुडितातली गावं पुनर्वसनाच्या वाटेकडे डोळे लावून. काप्रांचा स्मिथही धरणावरूनच भांडला होता. फरक असा की इथे आवाज सभागृहात चोवीस तास घुमला नाही. तो फायलीतल्या पत्रातून आला, आणि ते लिहिणारा सरकारी नोकरीतला अभियंता होता.

त्या मधल्या काळात मास्तरच्या प्रश्नाला कायद्याने एक फॉर्म मिळाला होता. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये केला, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की कुणीही विचारू शकतो: हजेरीपटावर कुणाची नावं, कामाचं बिल किती, जमीन कुणाच्या नावावर. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी असेच अर्ज करत होते, जमिनीच्या व्यवहारांबद्दल. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा खून झाला. तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, एकदा बंद झाला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद करायला निघाला.